कोरा नमुना

मी माझ्या नवऱ्याला कोरा नमुना म्हणून दवाखान्यात पाठवलं, हे खरं आहे. आमच्या इमारतीत ही गोष्ट सध्या ज्या स्वरूपात फिरते आहे, त्यात मी त्याला उपाशी ठेवून पाठवलं असंही सांगतात. ते खोटं आहे. तो व्यवस्थित जेवून, आपल्या पायांनी गेला. थोडा लंगडत गेला, पण त्यात माझा हात नव्हता.

आमच्या भागात एक वेळेबाहेरचा दवाखाना आहे. म्हणजे बाकीचे डॉक्टर कुलूप लावतात तेव्हा हा उघडतो. रोज संध्याकाळी सहानंतर, आणि रविवारी दिवसभर. तीन वर्षं तो निमूटपणे चालला होता. मग नगरपालिकेचं परिपत्रक आलं. या सेवेचा दर्जा कसा आहे याबद्दल स्थानिक रुग्णांनी महिनाअखेरपर्यंत लेखी अभिप्राय द्यावेत. ते समाधानकारक नसल्यास दवाखाना बंद करून त्याचं काम अकरा किलोमीटरवरच्या मोठ्या रुग्णालयाकडे सोपवण्यात येईल.

हे परिपत्रक घेऊन तळमजल्यावरचे पोस्टमास्तर काका दोन जिने चढून आमच्याकडे आले. ते निवृत्त झाले त्याला नऊ वर्षं झाली, पण कागद हातात असला की त्यांची पाठ अजून ताठ होते. फक्त दम लागतो. पाच मिनिटं ते खुर्चीत बसून नुसताच कागद हलवत राहिले. मग म्हणाले, "मागच्या हिवाळ्यात रविवारी दुपारी माझा श्वास कोंडला, आठवतं? याच दवाखान्यात नेलं होतं. अकरा किलोमीटर जायचं असतं तर हा कागद आज तुम्हाला दुसऱ्या कोणीतरी आणून दिला असता."

"मग तुम्हीच लिहा ना काका, अभिप्राय."

"मी लिहिला तर म्हातारा जीव वाचल्याच्या आनंदात लिहितोय म्हणतील. तुम्ही लिहा. तुम्ही शास्त्रज्ञ आहात."

मी शास्त्रज्ञ नाही. मी पाणी तपासते. बाटली येते, मी तपासते, आकडा लिहिते, बाटली धुते. बावीस वर्षं हेच करते आहे. समोरच्या वहिनी माझी ओळख 'ह्या पाण्यात असतात' अशी करून देतात, जणू मी बेडूक आहे. अशा परिस्थितीत कोणी शास्त्रज्ञ म्हटलं की माणूस हुरळतो. मी हो म्हटलं.

अभिप्रायाचा छापील कागद नगरपालिकेत मिळतो. वेळेबाहेरच्या दवाखान्याबद्दल मत नोंदवण्याची वेळ सोमवार ते शुक्रवार, अकरा ते दोन. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेले. कागदावर 'सेवेचा दर्जा' या शब्दांपुढे तीन चौकोन होते: उत्तम, बरा, ठीक.

"वाईट कुठे आहे?" मी खिडकीतल्या कारकुनाला विचारलं.

"वाईट नाही."

"कोणाला वाईट अनुभव आला तर?"

"ठीकवर खूण करायची."

"मग बरा आणि ठीक यात फरक काय?"

कारकून भला माणूस होता. त्याने पेन खाली ठेवून विचार केला. "बरा म्हणजे बरा. ठीक म्हणजे... उत्तम नाही, पण तक्रार नाही."

मोजपट्टीला खालचं टोकच नसेल तर मोजायचं कसं, हे मी त्याला दोन मिनिटं समजावलं. माझ्यामागे रांग होती. रांगेचं मत काय आहे ते तिने कळवलं. मी कागद घेऊन बाजूला झाले, तेवढ्यात कारकुनाने मागून हाक मारली, "ताई, केसपेपरचा नंबर लिहायला विसरू नका. पेशंटचाच अभिप्राय चालतो."

म्हणजे पेशंट हवा होता.

ही बातमी इमारतीत पसरल्यावर पेशंटांची वानवा पडली नाही. समोरच्या वहिनींनी आपली पाठ देऊ केली. "माझी पाठ घेऊन जा. अकरा वर्षं दुखतेय, कोणालाच सापडत नाही." सासूबाईंनी गुडघे दिले. चौथ्या मजल्यावरून एक जुना खोकला आला. मी सगळ्यांना नम्रपणे नकार दिला, आणि त्यामागचं तत्त्व समजावून सांगितलं. ते इथेही सांगते, कारण पुढचा सगळा अनर्थ त्या तत्त्वातून झाला आहे.

एखादी प्रयोगशाळा चांगली आहे की वाईट, हे कसं ओळखायचं? तिला अनोळखी पाणी देऊन उपयोग नाही. तिने आकडा दिला तरी खरा आकडा आपल्याला कुठे ठाऊक असतो? म्हणून आम्ही काय करतो, तर अगदी शुद्ध पाणी इतर बाटल्यांसारख्याच बाटलीत भरतो, तशीच चिठ्ठी चिकटवतो, आणि गुपचूप पाठवतो. त्याला कोरा नमुना म्हणतात. त्यात काही सापडलं, तर दोष पाण्याचा नसतो, तपासणाऱ्याचा असतो.

वहिनींच्या पाठीत खरं काय आहे हे देवालाही माहीत नव्हतं. मला हवा होता एक असा माणूस, ज्याला काहीही झालेलं नाही, आणि काही झालेलं नाही याचा लेखी पुरावा आहे.

असा माणूस माझ्या घरातच होता. माझा नवरा शाळेत भूगोल शिकवतो. एकोणीस वर्षांच्या संसारात त्याने एकदाही आजारपणाची रजा घेतलेली नाही. आणि लेखी पुरावा म्हणाल, तर माझी वही. सहा वर्षांपूर्वी सासूबाईंसाठी आम्ही बीपीचं यंत्र आणलं. सासूबाईंनी ते एकदा दंडाला बांधून घेतलं, "हे मला आवळतंय" म्हणून सोडलं, ते कायमचं. यंत्र फुकट जाऊ नये म्हणून मी दर रविवारी सकाळी नऊ वाजता नवऱ्याचं बीपी मोजू लागले. सहा वर्षं, एकही रविवार न चुकता. एकशे अठ्ठावीस, ऐंशी. एकशे सव्वीस, अठ्ठ्याहत्तर. यंत्राची बॅटरी उतरत गेली की आकडा हलतो असा मला संशय होता, म्हणून मी ते बॅटरीवर कधी चालवलं नाही, भिंतीतल्या विजेवरच. वेळ तीच, जागा तीच, हात तोच. इतकी शिस्तीची आकडेवारी आमच्या खात्यातसुद्धा नाही.

"मी काय सांगायचं तिथे?" नवऱ्याने विचारलं.

"खोटं अजिबात बोलायचं नाही. 'बरं वाटत नाही' एवढंच."

"पण मला बरं वाटतंय."

"एकोणीस वर्षांत कधीतरी वाटलं नसेलच की. ते आठवा."

तो जरा जास्तच पटकन म्हणाला, "हो, आठवलं."

खऱ्या रुग्णाची वेळ खाल्ली जाऊ नये म्हणून मी आधी दोन रविवार त्या दवाखान्यासमोरच्या बाकावर बसून गर्दी मोजली. चार ते साडेचार या वेळात सरासरी एक पूर्णांक पाच माणसं येत होती. तिसऱ्या रविवारी सकाळी नऊला बीपी घेतलं: एकशे अठ्ठावीस, ऐंशी. हा आकडा मी एका कागदावर लिहिला, खाली दोन ओळी लिहिल्या, सही केली आणि कागद पाकिटात घातला. पाकीट काकांच्या ताब्यात दिलं. त्यांनी कपाटाच्या तळातून नोकरीतली उरलेली लाख काढली, मेणबत्तीवर वितळवली आणि पाकिटावर आपल्या अंगठीचा ठसा उमटवला. नऊ वर्षांत मी त्यांना इतकं तरतरीत पाहिलं नव्हतं.

दवाखान्यात जाण्याआधी फोन करावा लागतो. मी स्टॉपवॉच सुरू केलं. तीन मिनिटं चाळीस सेकंदांनी एका बाईंनी फोन उचलला. छातीत दुखतंय का, दम लागतोय का, हातपाय जड झालेत का, असं त्यांनी एकामागून एक शांतपणे विचारलं. नवरा प्रत्येकाला "नाही" म्हणत होता. सासूबाईंना ते सहन झालं नाही. त्या आतून ओरडल्या, "सांग त्यांना, लहानपणी गोवर झाला होता!"

"ते कोण बोललं?" बाईंनी विचारलं.

"आई."

"बरं. त्यांना काही होतंय का?"

या प्रश्नासाठी मी एक गुण जादा दिला. चार वाजून वीस मिनिटांनी यायला सांगण्यात आलं.

निघताना पाहते तर समोरच्या वहिनी चपला घालून दारात. "एकट्या पुरुषाला कसं पाठवायचं?" मी बरोबर आहे हे त्यांच्या हिशेबात नव्हतं. काका पाच मिनिटं आधीच निघाले होते. ते तिथे अनोळखी माणूस म्हणून बसणार होते. वाटेत वहिनींनी नवऱ्याला बारीकसारीक सूचना दिल्या. "जरा कण्हा. पायरी चढताना थांबा." गेटपर्यंत पोचलो तेव्हा तो डाव्या पायाने लंगडत होता.

"पायाला काय झालं?" मी हळूच विचारलं.

"बरं वाटत नाही ना," तो म्हणाला.

प्रतीक्षालयात सहा खुर्च्या होत्या. एकीचा पाय आखूड होता आणि त्याखाली घडी घातलेलं एक्सरेचं पाकीट सरकवलेलं होतं. भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं पुढे. कोपऱ्यात काका वर्तमानपत्राआड बसले होते. आम्हाला पाहताच त्यांनी पेपर खाली घेतला, म्हणाले, "या, या!" मग आठवण होऊन पेपर पुन्हा वर धरला. त्यांच्या शेजारी कानाला रुमाल लावून बसलेल्या एका बाईंनी त्यांच्याकडे संशयाने पाहिलं आणि एक खुर्ची सरकून बसल्या.

सिस्टर मध्यमवयीन, ठेंगण्या होत्या, आणि मनगटावर पेनाने काहीबाही लिहिलेलं होतं. मनगटावर लिहिणाऱ्या माणसांच्या नोंदींवर माझा विश्वास नसतो. त्यांनी नवऱ्याला पाच मिनिटं नुसतं बसवलं, पाय जमिनीला टेकवायला लावले, हात टेबलावर ठेवला, पट्टा बांधला.

"एकशे साठ, शंभर."

मी मनातल्या मनात लिहिलं: साधन सदोष.

दहा मिनिटांनी त्यांनी पुन्हा घेतलं. एकशे अठ्ठावन्न, अठ्ठ्याण्णव. मी लिहिलं: साधन सातत्याने सदोष.

आत डॉक्टर होते. वय तिशीच्या आत, अंगात राखी स्वेटर, कोपराला भोक. त्यांनी छाती तपासली, पायाला सूज आहे का पाहिलं, डाव्या पायाकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि मग विचारलं, "घरात कोणाला बीपीचा त्रास?"

"आईला."

"डोकं दुखतं?"

"दुखतं," नवरा म्हणाला. "सकाळी उठल्यावर. मागच्या बाजूला. चारपाच महिने झाले."

मी थक्क झाले. तरुणपणी याने शाळेच्या संमेलनात कामं केली होती हे मला माहीत होतं, पण इतकी तयारी असेल असं वाटलं नव्हतं. 'बरं वाटत नाही' एवढंच म्हणायचं ठरलं असताना माणसाने पदरचे संवाद घालू नयेत. मी टिपून ठेवलं: रुग्णाने अभिनयाची मर्यादा ओलांडली.

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहायला घेतली. "एका दिवसाच्या आकड्यावर मी गोळी सुरू करत नाही. पण हे सोडून देण्यासारखंही नाही. उद्या तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना ही चिठ्ठी दाखवा. रक्त, लघवी, हृदयाचा आलेख, सगळं करून घ्या. टाळू नका."

आता मात्र मला गप्प बसवेना. "आपल्या यंत्राची शेवटची तपासणी केव्हा झाली?"

त्यांनी यंत्र उलटं करून दाखवलं. मागे चिकटवलेल्या चिठ्ठीवर तारीख होती, सही होती. अठरा दिवसांपूर्वीची.

"पुष्कळ लोकांचं बीपी डॉक्टरचा पांढरा कोट पाहून वाढतं," मी म्हटलं. "त्यावर अभ्यास झालेला आहे."

डॉक्टरांनी आपल्या स्वेटरकडे पाहिलं. मग कोपराच्या भोकाकडे. "खरं आहे," ते म्हणाले, "पण याला कोण घाबरणार?"

बाहेर येताच वहिनींनी विचारलं, "काय निघालं?" नवऱ्याने सांगितलं. कानाला रुमाल लावलेल्या बाई म्हणाल्या, "माझ्या भावाचं असंच निघालं होतं." काका पेपराआडून म्हणाले, "अरे बापरे." आणि मला, खरं सांगते, आनंद झाला होता. शुद्ध पाण्यात त्यांना गाळ सापडला होता. प्रयोग यशस्वी झाला होता.

घरी येताच मी यंत्र लावलं. एकशे एकोणतीस, ऐंशी. मी चिठ्ठी वहीत ठेवून दिली आणि सोमवारी कुठेही जायचं नाही असं जाहीर केलं. निरोगी माणसाला डॉक्टरांकडे नेऊन औषधं सुरू केली तर तो कोरा कसा राहणार?

"अगं, पण मी कोणाचं ऐकू?" नवऱ्याने विचारलं. "ते म्हणतात आजारी, तू म्हणतेस बरा."

"सहा वर्षांचे आकडे आहेत माझ्याकडे. त्यांच्याकडे दोन."

सासूबाई दारात उभ्या होत्या. "माझ्या पोराला बाटलीत भरलंस तू," त्या म्हणाल्या, आणि चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

सोमवारी आणि मंगळवारी बसून मी अहवाल लिहिला. साडेचार पानं. शेवटचं वाक्य होतं: 'सदर दवाखान्याने पूर्णतः निरोगी व्यक्तीस रुग्ण ठरविले, ही बाब गंभीर आहे.' काकांना वाचून दाखवला. ते ऐकता ऐकता खुर्चीत खाली खाली सरकत गेले.

"हे पाठवलंत तर बंदच होणार की हो तो."

"मी काय करू काका? आकडे आहेत."

"आकडे बरोबरच असणार," ते म्हणाले. "तुमचेच आहेत." आणि जिना उतरून गेले. प्रत्येक पायरीला थांबताना त्यांचा श्वास वरपर्यंत ऐकू येत होता. मी अहवालाची घडी घातली, आणि मग पुन्हा उलगडली, आणि उगीचच एक स्वल्पविराम दुरुस्त केला.

त्याच संध्याकाळी सात वाजता फोन आला. दवाखान्यातल्या सिस्टर होत्या.

"चिठ्ठी दाखवली का डॉक्टरांना?"

आपण होऊन चौकशीचा फोन! माझ्या तक्त्यात यासाठी जागाच नव्हती. "दाखवली नाही," मी म्हटलं. "आमच्या घरच्या यंत्रावर बीपी अगदी बरोबर येतंय."

"असं होय? मग गुरुवारी संध्याकाळी यंत्र घेऊन या ना. शेजारी शेजारी लावून बघू. पट्ट्यासकट आणा हं."

मी फोन ठेवला आणि नवऱ्याकडे वळले. "हे सगळं तुमच्या त्या डोकेदुखीमुळे. नको तिथे नाटक केलंत."

तो वह्या तपासत होता. लाल पेन हातातच धरून तो म्हणाला, "ते नाटक नव्हतं."

"म्हणजे?"

"दुखतं माझं डोकं. सकाळी."

"पाच महिने? आणि मला सांगितलं नाहीत? दर रविवारी मी वही घेऊन समोर उभी असते!"

"असतेस ना," तो म्हणाला. "पण वहीत डोक्याचा रकाना नाही. तारीख, वेळ, वरचा, खालचा. तू आकडा लिहितेस आणि म्हणतेस, उत्तम. उत्तम म्हटल्यावर काय सांगायचं?"

मी वही उघडली. तीनशेच्या वर रविवार होते, माझ्या अक्षरात. रकाने चार. त्याचं म्हणणं बरोबर होतं. त्या रात्री मी अहवालाला हात लावला नाही, आणि झोपेचंही फारसं जमलं नाही.

गुरुवारी मी यंत्र, वायर आणि वही घेऊन निघाले. आता मला प्रयोग जिंकायचा होता की हरायचा होता, हे मला सांगता आलं नसतं. लाखेचं पाकीट घेऊन काका आले. "पाकीट माझ्या ताब्यात आहे. जबाबदारी असते." वहिनी आल्याच. सासूबाईही आल्या, बोलत नव्हत्या, पण आल्या.

सिस्टरांनी आधी आपल्या यंत्रावर मोजलं. एकशे अठ्ठावन्न, अठ्ठ्याण्णव. "आता तुमचं."

मी विजेचं बटण कुठे आहे विचारलं. बॅटरी का वापरत नाही तेही समजावलं. त्यांनी मान डोलावली आणि टेबलाजवळचं बटण दाखवलं. माझं यंत्र म्हणालं: एकशे पंचेचाळीस, नव्वद.

मी पुन्हा पाहिलं. सहा वर्षांत त्या यंत्राने असला आकडा कधी दाखवला नव्हता.

"घरी असंच मोजता ना?" सिस्टरांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं.

"नाही," नवरा म्हणाला. "घरी उभ्याने."

"उभ्याने? दाखवा बघू."

आमच्या घरी विजेचं बटण फडताळाच्या वर आहे. यंत्राची वायर वीतभर. त्यामुळे यंत्र फडताळावर असतं, आणि यंत्राची नळीही लांब नसल्यामुळे नवऱ्याचा हातही फडताळावर असतो. नवरा उठला, त्याने खोलीभर नजर फिरवली, औषधांचं कपाट पसंत केलं, त्याच्यापाशी उभा राहिला आणि आपला हात सवयीने कपाटाच्या माथ्यावर टाकला. उत्तर येत असूनही गुरुजी विचारत नाहीत अशा मुलासारखा तो दिसत होता. दार उघडंच होतं. प्रतीक्षालयातली चार माणसं माना वाकडी करून पाहत होती.

"सहा वर्षं असं?" सिस्टरांनी विचारलं.

"दर रविवारी. नऊ वाजता," नवरा अभिमानाने म्हणाला.

त्यांनी लांब वायर आणून माझं यंत्र तिथे लावलं. एकशे एकोणतीस, ऐंशी.

मी पाण्यात काम करते. उंचावर चढवलेल्या पाण्याचा दाब कमी भरतो, हे मी नवीन मुलांना पहिल्या आठवड्यात शिकवते. रक्त काही फार वेगळं नाही. हात हृदयाच्या वर गेला, की दर तेरा सेंटीमीटरला साधारण दहा अंश दाब कमी दिसतो. कपाटाच्या माथ्याकडे पाहून मी मनातल्या मनात गुणाकार केला. तो इतका अचूक आला की मला खाली बसावंसं वाटलं. बॅटरीचा न सापडलेला एक अंश वाचवायला मी सहा वर्षं पंधरा अंश फडताळावर ठेवत होते.

"आणि हा पट्टा कोणाच्या मापाचा?" सिस्टर पट्टा उलटा करून पाहत होत्या. कडेला बारीक अक्षरात लिहिलं होतं: मोठा, बत्तीस ते बेचाळीस सेंटीमीटर. त्यांनी फीत घेऊन नवऱ्याचा दंड मोजला. चोवीस.

"माझ्या मापाचा," सासूबाई म्हणाल्या. चार दिवसांतलं त्यांचं माझ्यासमोरचं हे पहिलं वाक्य. "मी म्हटलंच होतं, तो पट्टा मेला काही खरा नाही."

"त्या आवळतो म्हणाल्या होत्या," मी क्षीणपणे म्हटलं. माझी कोणी दखल घेतली नाही. बारीक अक्षरं वाचणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे, हा विचार मी शक्य तितक्या लांब ढकलत होते. काकांच्या पाकिटाचा सगळ्यांना विसर पडला असेल अशी मला आशा होती.

काका घसा खाकरून उभे राहिले. "पाकीट उघडायचं राहिलं."

"राहू द्या काका."

"असं कसं? लाख लावलीय." त्यांनी किल्लीने लाख फोडली, चष्मा वर केला आणि ज्या आवाजात त्यांनी आयुष्यभर तारा वाचून दाखवल्या असतील त्या आवाजात माझा कागद वाचला. "तपासणीपूर्वीची स्थिती: एकशे अठ्ठावीस, ऐंशी. नमुना पूर्णपणे कोरा आहे. यात काही सापडल्यास दोष तपासणाऱ्याचा समजावा. खाली सही."

मग सगळं सांगावंच लागलं. कोरा नमुना म्हणजे काय, तो कोण, दोन रविवारची सरासरी, लाख, सगळं. सिस्टर शेवटपर्यंत ऐकत होत्या. मला वाटलं चिडतील. चिडायचा त्यांना पूर्ण हक्क होता. त्यांनी मनगटावरच्या एका ओळीवर काट मारली. मी जरा वाकून पाहिलं. तिथे लिहिलं होतं: 'भूगोल सर, बीपी, फोन.'

"ताई, तुमचं बरोबरच आहे," त्या म्हणाल्या. "दोष तपासणाऱ्याचाच."

प्रतीक्षालयातून कोणीतरी हसलं. मग नवरा हसला, हात अजून कपाटावरच ठेवून. वहिनी तर भिंतीला टेकल्या. मी मान ताठ ठेवून वायर गुंडाळली. अशा वेळी माणसाला वायर गुंडाळायला मिळणं हे फार मोठं सुख आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला आम्ही नेहमीच्या डॉक्टरांच्या दारात होतो. चिठ्ठी वाचून ते म्हणाले, "वेळेवर सापडलं. अजून कुठे काही बिघडलेलं दिसत नाही." रोज एक छोटी गोळी आणि मीठ कमी. पंधरा दिवसांत नवऱ्याची सकाळची डोकेदुखी गेली. मला मात्र ती अधूनमधून होते, विशेषतः वहिनी जिन्यात कोणाला तरी फडताळाचा प्रसंग करून दाखवत असतात तेव्हा.

साडेचार पानांचा अहवाल मी फाडला आणि महिनाअखेरीच्या आदल्या दिवशी, अकरा ते दोनच्या दरम्यान, छापील कागद घेऊन खिडकीत गेले. 'उत्तम'वर खूण केली होती. शेऱ्याच्या दोन ओळींच्या जागेत मी बारीक अक्षरात अकरा ओळी बसवल्या होत्या. प्रतीक्षालयातलं घड्याळ सात मिनिटं पुढे असल्याचाही उल्लेख होता. कौतुकात वाहून जाऊन सत्य सोडायचं मला कारण नव्हतं.

कारकुनाने कागद डोळ्यांजवळ नेला. "ताई, हे काय? 'रुग्ण निरोगी आहे असे समजून पाठविला होता'? आजारी नव्हता तर केसपेपर कसा काय काढला?"

"आजारी होता. मला माहीत नव्हतं."

"त्याला?"

"त्याला होतं."

"आणि दवाखान्याला?"

"त्यांना अर्ध्या तासात कळलं."

कारकुनाने शिक्का मारला. दीड महिन्याने दवाखाना चालू राहणार असल्याचं पत्रक आलं. ते माझ्या अकरा ओळी वाचून निघालं की न वाचता, हे कळायला मार्ग नाही. काकांनी ते पत्रक जिन्याखालच्या फळ्यावर लावलं आणि चारही कोपऱ्यांना लाख लावली. ते आता कोणालाच काढता येत नाही.

आमच्या घरी रविवारी नऊला आता नवरा खुर्चीत बसतो. नवा, बारीक पट्टा आहे; यंत्र बॅटरीवर चालतं. टेबल जरा ठेंगणं पडतं, म्हणून त्याने हाताखाली जाडजूड नकाशांचं पुस्तक घेतलं आहे. मी उंची मोजून पाहिली. बरोबर हृदयाच्या पातळीवर येते. वहीत मी पाचवा रकाना आखला आहे, आणि तो सगळ्यात आधी भरायचा असा नियम केला आहे. पहिल्या रविवारी मी पेन सरसावून विचारलं, "कसं वाटतंय?"

त्याने बराच विचार केला.

"ठीक," तो म्हणाला.

"ठीक म्हणजे? बरं नाही का?"

"उत्तम नाही," तो म्हणाला, "पण तक्रार नाही."

मी जसंच्या तसं लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "उत्तम का नाही, ते सांगा." आणि बीपी मोजायला त्या दिवशी साडेदहा वाजले.